एकच आज्ञावली कीं यंत्रागणिक निराळी?

एकाच घरांत दोन माणसांच्या हातीं दोन निरनिराळ्या जातींचे फोन असावेत, यांत आतां नवल राहिलेलें नाहीं. एकाचा फोन ॲपलचा, दुसऱ्याचा अँड्रॉइड पद्धतीचा. दोघेहि एकाच बँकेचे खातेदार, आणि दोघांच्याहि फोनवर त्या बँकेचें एकाच नांवाचें व एकाच रंगाचें ॲप. वरून पाहणाऱ्याला वाटतें कीं वस्तु एकच आहे. प्रत्यक्षांत ती एक असेल किंवा नसेलहि. कदाचित् कारागिरांच्या दोन निरनिराळ्या गटांनीं दोन निरनिराळ्या भाषांत लिहिलेल्या त्या दोन स्वतंत्र आज्ञावली असतील आणि त्यांच्यांत नांवापलीकडे फारसें साम्य नसेल. किंवा एकदांच लिहिलेली आज्ञावली दोन्ही फोनांवर बसविलेली असेल. या दोहोंपैकीं कोणता मार्ग धरावा, हा सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांपुढील फार जुना प्रश्न आहे. हा कारागिरांचा अंतर्गत प्रश्न आहे असें समजून तो सोडून देणें मात्र इष्ट नाहीं. ॲप किती जलद चालेल, तें किती वर्षें टिकेल, त्यांत मराठी अक्षरें नीट उमटतील कीं नाहीं, आणि दृष्टिहीन मनुष्याला तें वापरतां येईल कीं नाहीं, हें सर्व पुष्कळ अंशीं त्याच्या उत्तरावर अवलंबून असतें.

प्रथम हा भेद मुळांत उत्पन्न कां होतो, तें पाहिलें पाहिजे. संगणक असो वा फोन असो, त्याच्या अंतर्भागीं एक प्रोसेसर असतो आणि त्याला ठराविक सांकेतिक आज्ञाच कळतात. एका घराण्याच्या प्रोसेसरच्या आज्ञा दुसऱ्या घराण्याच्या प्रोसेसरला निरर्थक असतात. पण अडचण एवढ्यावरच संपत नाहीं. आजचे बहुतेक सर्व फोन आर्म या एकाच घराण्याचे प्रोसेसर वापरतात. तरीहि एका जातीच्या फोनचें ॲप दुसऱ्या जातीच्या फोनवर चालत नाहीं. याचें कारण असें कीं प्रोसेसर व ॲप यांच्या मध्यें एक मोठा कारभारी बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. पडद्यावर अक्षर उमटविणें, बोटाचा स्पर्श ओळखणें, कॅमेरा उघडणें, मजकूर जपून ठेवणें, हीं सारीं कामें ॲपला या कारभाऱ्याच्या हातून करून घ्यावीं लागतात, आणि प्रत्येक कारभाऱ्याची विनंती ऐकून घेण्याची रीत निराळी असते. त्याची पसंतीची भाषाहि निराळी असते. ॲपल कंपनीनें २०१४ सालीं स्विफ्ट ही भाषा पुढें आणली. अँड्रॉइडसाठीं गूगलनें २०१९ पासून कोटलिन या भाषेला अग्रमान दिला आहे. प्रोसेसर, त्याच्यावरील कारभारी आणि त्याच्या भोंवतालचीं साधनें मिळून जें होतें, त्याला या व्यवसायांत प्लॅटफॉर्म म्हणतात.

एकाच प्लॅटफॉर्मच्या रीतिरिवाजाप्रमाणें लिहिलेल्या ॲपला नेटिव्ह म्हणण्याचा प्रघात आहे. तें 'देश तसा वेश' या न्यायानें वागतें. अनेक प्लॅटफॉर्मांवर चालावें म्हणून एकदांच लिहिलेल्या ॲपला क्रॉस-प्लॅटफॉर्म म्हणतात. पुढील विवेचनापुरतें पहिल्याला 'स्थानिक' आणि दुसऱ्याला 'सामायिक' म्हणणें सोयीचें होईल.

एकदांच लिहावें आणि सर्वत्र चालवावें, ही इच्छा फोनच्या कितीतरी आधींची आहे. १९५० नंतरच्या दशकांत प्रत्येक कारखानदाराचा संगणक स्वतःची बोली बोलत असे. यंत्र बदललें कीं पगाराच्या, मालसाठ्याच्या, हिशेबाच्या साऱ्या आज्ञावली पुन्हा लिहाव्या लागत. या खर्चाला कंटाळून अमेरिकेंतील सरकारी खातीं व संगणकांचे कारखानदार यांनीं मिळून कोबोल नांवाची भाषा आखली; आणि ६ व ७ डिसेंबर १९६० या दोन दिवशीं जवळजवळ एकच कोबोल आज्ञावली आर.सी.ए. आणि रेमिंग्टन रँड युनिव्हॅक या दोन कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यांत आली. पुढें १९७३ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनीं यूनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सी भाषेंत पुन्हा लिहिली, आणि त्यामुळें ती एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर नेणें सुकर झालें.

१९९५ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनें जावा ही भाषा लोकांपुढें ठेवली. जावाची युक्ति अशी होती: आज्ञावली कोणत्याहि खऱ्या प्रोसेसरच्या आज्ञांत न उतरवितां एका कल्पित यंत्राच्या आज्ञांत उतरवावयाची, आणि त्या कल्पित यंत्राची नक्कल करणारा दुभाषी प्रत्येक संगणकावर ठेवावयाचा. 'एकदां लिहा, कोठेंहि चालवा' अशी तिची घोषणा होती. 'एकदां लिहा, सगळीकडे चुका शोधा' असें तिचें विडंबन व्यवसायांतील लोकांनींच लौकर केलें. घोषणा आणि विडंबन हीं दोन्ही आपापल्या ठिकाणीं खरीं ठरलीं. बँकांच्या व कचेऱ्यांच्या मोठ्या सर्व्हरवर, जेथें आज्ञावलीला पडदा, बोट, कॅमेरा यांच्याशीं कर्तव्य नसतें, तेथें जावा उत्तम रुळली. जेथें आज्ञावली माणसाच्या डोळ्यांपुढें उभी राहते, त्या घरगुती संगणकाच्या पडद्यावर मात्र ती पाहुण्यासारखी वाटत राहिली.

या दोन मार्गांच्या स्पर्धेचें सर्वांत बोधप्रद उदाहरण १९८३ सालीं अमेरिकेंत घडलें. आय.बी.एम.चा छोटा संगणक १९८१ सालीं बाजारांत आला होता. व्यापाऱ्यांना त्यावर आंकड्यांचे तक्ते मांडणारी आज्ञावली हवी होती. एक आंकडा बदलला कीं त्यावर अवलंबून असणाऱ्या साऱ्या बेरजा आपोआप बदलाव्यात, ही तिची खुबी. कॉन्टेक्स्ट एम.बी.ए. नांवाची अशी एक आज्ञावली बाजारांत होती. तींत तक्ते, आलेख, माहितीचा संग्रह, लेखन अशीं अनेक कामें एकत्र केलेलीं होतीं. ती पास्कल भाषेच्या एका सामायिक पद्धतींत लिहिलेली होती. कल्पित यंत्र आणि दुभाषी यांचीच ती योजना. त्यामुळें ती निरनिराळ्या संगणकांवर नेतां येत असे. पण प्रत्येक आज्ञा दुभाष्याच्या तोंडून जावयाची असल्यामुळें, आणि त्या काळच्या प्रोसेसरची शक्ति तुटपुंजी असल्यामुळें, ती फार मंद चाले.

जानेवारी १९८३ मध्यें मिच केपर यांच्या लोटस कंपनीनें लोटस १-२-३ ही आज्ञावली विक्रीस काढली. तिचे मुख्य कारागीर जोनाथन सॅक्स यांनीं ती आय.बी.एम.च्या प्रोसेसरच्या खुद्द बोलींत, म्हणजे असेंब्ली भाषेंत, लिहिली होती. एवढेंच करून ते थांबले नाहींत. पडद्यावर आंकडा उमटविण्यासाठीं कारभाऱ्याकडे विनंती करण्यांत जो वेळ जाई, तोहि वांचविण्यासाठीं ही आज्ञावली पडद्याच्या स्मृतींत थेट लिहीत असे. परिणाम असा झाला कीं बोट उचलतांच तक्ता बदललेला दिसूं लागला. पहिल्याच वर्षीं लोटसची विक्री ५ कोटी ३० लाख डॉलरांवर गेली. पुढें पुढें तर दुसऱ्या कारखानदारांनीं केलेले संगणक आय.बी.एम.शीं खरोखर जुळतात कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं त्यांवर लोटस १-२-३ चालवून पाहण्याची रीतच पडली. यंत्राप्रमाणें आज्ञावली करावयाची, त्याऐवजीं आतां आज्ञावलीप्रमाणें यंत्रें होऊं लागलीं.

येथेंच कथा संपली असती, तर स्थानिक मार्गाचा जयजयकार करून विषय आटोपतां आला असता. पण काळ पुढें सरकला. असेंब्ली भाषेंत घट्ट विणलेली ती आज्ञावली वाढविणें व नव्या यंत्रांवर नेणें दिवसेंदिवस कठीण होऊं लागलें. म्हणून कंपनीनें तिसरी आवृत्ति सी भाषेंत, अनेक यंत्रांवर नेतां येईल अशा रीतीनें, नव्यानें लिहावयास घेतली. या कामाला अपेक्षेपेक्षां पुष्कळ अधिक वेळ लागला. ती १९८९ सालीं बाहेर पडली, आणि तिला इतकी स्मृति लागूं लागली कीं जुन्या, लहान संगणकांच्या मालकांसाठीं पूर्वीच्याच वळणाची दुसरी एक आवृत्ति बरोबर द्यावी लागली. दरम्यान प्लॅटफॉर्मच बदलत होता. मायक्रोसॉफ्टनें एक्सेल ही तक्त्यांची आज्ञावली १९८५ सालीं मॅकिंटॉशसाठीं आणि १९८७ सालीं विंडोजसाठीं काढली होती. लोटसनें आपलें लक्ष ओ.एस./२ या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर अधिक दिलें. १९९० सालीं विंडोजची तिसरी आवृत्ति लोकप्रिय झाली, तेव्हां लोटस १-२-३ तेथें हजर नव्हती. तिची विंडोजवरील आवृत्ति १९९१ सालीं निघाली. गेलेलें गिऱ्हाईक परत आलें नाहीं. १९९५ सालीं आय.बी.एम.नें लोटस कंपनी विकत घेतली, आणि २०१४ सालीं लोटस १-२-३ चा आधार कायमचा बंद झाला.

या एकाच कथेंत दोन्ही मार्गांचे गुणदोष सामावलेले आहेत. एका यंत्राशीं एकरूप होऊन लोटसनें बाजार जिंकला. आणि त्या एकरूपतेमुळेंच यंत्र बदलतांना तिची पावलें जड झालीं. यांतून निघणारें तत्त्व असें कीं दोन प्लॅटफॉर्मांमधील भेद कोणत्याहि युक्तीनें नाहींसा होत नाहीं. त्याचा भार कोणाला तरी वाहावाच लागतो. स्थानिक मार्गांत तो भार आज्ञावली लिहिणारा स्वतः वाहतो: तो दोनदां लिहितो, दोनदां दुरुस्त करतो. सामायिक मार्गांत तो भार मधल्या थरावर, म्हणजे सामायिक साधन पुरविणाऱ्यावर पडतो. आणि त्या थरानें तो पुरता पेलला नाहीं, तर तो शेवटीं वापरणाऱ्याच्या माथीं येतो. म्हणून निवड करतांना खरा प्रश्न हा कीं हा भार कोणी वाहावा आणि तो वाहण्याची ताकद कोणाजवळ आहे.

आतां फोनांकडे वळावें. ॲपलनें जुलै १९०८ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे जुलै २००८ मध्यें, आपलें ॲप-भांडार उघडलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत अँड्रॉइडचा पहिला फोन विक्रीस आला. दोन प्लॅटफॉर्म समोरासमोर उभे राहिले आणि जुना प्रश्न नव्या रूपानें पुढें आला. आज त्याचीं उत्तरें मुख्यतः पांच प्रकारचीं आहेत.

पहिला प्रकार शुद्ध स्थानिक: स्विफ्टमध्यें एक ॲप, कोटलिनमध्यें दुसरें. दुसरा प्रकार वेबसाइटचा: प्रत्येक फोनवर ब्राउझर असतोच, तेव्हां ॲपऐवजीं पान लिहावें, किंवा तेंच पान ॲपच्या वेष्टनांत गुंडाळून द्यावें. तिसऱ्या प्रकारांत आज्ञावली एका सामायिक भाषेंत लिहिली जाते, पण पडद्यावरील बटणें, याद्या, लिहिण्याचे चौकोन हीं त्या त्या फोनचीं स्वतःचींच मागविलीं जातात. फेसबुक कंपनीनें २०१५ सालीं खुलें केलेलें रिॲक्ट नेटिव्ह हें साधन या जातीचें. चौथ्या प्रकारांत फोनचीं बटणें मागावयाचींच नाहींत. मोकळा पडदा घेऊन त्यावर प्रत्येक रेघ व प्रत्येक अक्षर सामायिक साधनानें स्वतःच रंगवावयाचें. गूगलनें डिसेंबर २०१८ मध्यें पहिली पक्की आवृत्ति काढलेलें फ्लटर हें अशा प्रकारचें आहे. पांचवा प्रकार मध्यममार्गी: हिशेब, नियम, सर्व्हरशीं बोलणें हा आंतील गाभा एकदांच लिहावयाचा, आणि दर्शनी भाग मात्र प्रत्येक फोनसाठीं स्वतंत्र करावयाचा.

या मार्गांवर मोठमोठ्या कंपन्यांनींहि ठेंचा खाल्लेल्या आहेत. फेसबुकनें प्रथम आपलें फोनवरील ॲप पुष्कळसें वेब-पानांच्या आधारें चालविलें होतें. तें इतकें मंद झालें कीं २०१२ च्या ऑगस्टमध्यें ॲपलच्या फोनसाठीं व डिसेंबरमध्यें अँड्रॉइडसाठीं तें स्थानिक पद्धतीनें पुन्हा लिहावें लागलें, आणि वेबवर इतका भरंवसा ठेवणें ही कंपनीची मोठी चूक होती असें मार्क झकरबर्ग यांनीं त्याच वर्षीं जाहीरपणें कबूल केलें. पण याच कंपनीनें तीन वर्षांनीं रिॲक्ट नेटिव्ह हें सामायिक साधन जगाला दिलें, हेंहि लक्षांत ठेवण्याजोगें आहे. एअरबीएनबी या मुक्कामाची सोय लावणाऱ्या कंपनीनें २०१६ सालीं रिॲक्ट नेटिव्ह स्वीकारलें आणि २०१८ सालीं तें सोडण्याचा निर्णय जाहीर केला. तिच्या ॲपचा कांहीं भाग स्थानिक व कांहीं सामायिक असा राहिल्यानें तिच्या कारागिरांना दोन प्लॅटफॉर्मांऐवजीं तीन सांभाळावे लागत होते. ड्रॉपबॉक्सनें २०१३ च्या सुमारास आपल्या ॲपचा गाभा सी++ भाषेंत सामायिक केला होता. २०१९ सालीं तिनें जाहीर केलें कीं तो बेत सोडून दिला आहे. कारण त्या सामायिक गाभ्यासाठीं लागणारीं साधनें तिला स्वतःच घडवावीं लागत आणि तें काम जाणणारे लोक मिळणें व टिकणें कठीण झालें होतें. उलट शॉपिफाय या कंपनीनें २०२० सालीं आपलीं नवीं ॲप्स रिॲक्ट नेटिव्हमध्यें करण्याचें ठरविलें. साधन तेंच असून एकीला तें जड झालें आणि दुसरीनें तें आपलेंसें केलें, यावरून एवढें दिसतें कीं साधनाच्या अंगभूत गुणांपेक्षां तें वापरणाऱ्या संस्थेची घडण अधिक महत्त्वाची असते.

मराठी घरांच्या दृष्टीनें या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे, आणि ती लिपीची आहे. रोमन अक्षरें एकापुढें एक ठेवलीं कीं शब्द होतो. देवनागरीचें तसें नाहीं. युनिकोड या संकेतप्रणालींत 'कि' हें अक्षर सांठवितांना आधीं 'क' आणि मग ऱ्हस्व वेलांटी अशा क्रमानें सांठविलें जातें. पण पडद्यावर वेलांटी 'क'च्या आधीं दिसावी लागते. 'अर्क' या शब्दांत 'र' आधीं सांठविला जातो, पण त्याचा रफार पुढल्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. क्ष, त्र, द्ध यांसारखीं जोडाक्षरें तर सुटे तुकडे सांधून बनवावीं लागतात. हें सारें सांधकाम फोनच्या आंतील एक स्वतंत्र यंत्रणा करते. स्थानिक ॲपला ती आयती मिळते. मोकळ्या पडद्यावर स्वतः रंगकाम करणाऱ्या सामायिक साधनाला मात्र तशी यंत्रणा आपल्याबरोबर न्यावी लागते. फ्लटरनें हार्फबझ नांवाची अशी यंत्रणा बरोबर घेतली आहे, म्हणून त्यांत मराठी नीट उमटतें. परंतु खेळ तयार करण्याच्या कांहीं सामायिक साधनांत ही सोय कित्येक वर्षें नव्हती. तेथें वेलांटी अक्षराच्या मागें पडे, जोडाक्षर फुटे आणि हलन्ताचा पाय उघडा दिसे. साधन करणाऱ्यांनीं वाहावयाचा भार असा मराठी वाचकाच्या डोळ्यांवर येऊन पडतो.

जें लिपीचें तेंच दृष्टिहीनांचें. ॲपलच्या फोनांत व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडमध्यें टॉकबॅक अशा पडदा वाचून दाखविणाऱ्या सोयी आहेत. फोनचें स्वतःचें बटण असलें, तर 'हें बटण आहे, याचें नांव अमुक' हें या वाचकाला सहज कळतें. पण नुसत्या रंगविलेल्या चौकोनाला तो बटण म्हणून ओळखूं शकत नाहीं. चांगलीं सामायिक साधनें पडद्यावरील चित्राबरोबर त्याचें एक अदृश्य वर्णनहि वाचकापुढें ठेवतात; आणि तें वर्णन पुरें करण्याची काळजी मात्र ॲप लिहिणाऱ्यानें घ्यावी लागते. स्थानिक ॲपमध्येंहि निष्काळजीपणानें बटणांना नांवें न दिल्यास हाच घोंटाळा होतो. तेव्हां एवढेंच म्हणतां येईल कीं स्थानिक मार्गांत सुरुवात पुढल्या पायरीवरून होते.

सामायिक मार्गाचा आणखी एक धोका म्हणजे मधल्या थराचें आयुष्य. फ्लॅश हें एके काळीं जवळजवळ प्रत्येक संगणकावर असणारें सामायिक साधन होतें. स्टीव्ह जॉब्स यांनीं एप्रिल २०१० मध्यें प्रसिद्ध केलेल्या पत्रांत त्याला ॲपलच्या फोनवर जागा नाकारण्याचीं कारणें सांगितलीं. त्यांतील एक महत्त्वाचें कारण असें होतें कीं मधला थर नव्या सोयी उचलीपर्यंत ॲप लिहिणाऱ्यांना ताटकळत बसावें लागतें, आणि सर्व प्लॅटफॉर्मांना समान असेल तेवढेंच त्यांच्या वाट्याला येतें. फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजीं संपला. झामारिन हें दुसरें साधन २०१६ सालीं मायक्रोसॉफ्टनें विकत घेतलें, आणि १ मे २०२४ रोजीं त्याचा आधार बंद केला. त्यावर उभारलेल्या ॲप्सना दुसरें घर शोधावें लागलें. पण स्थानिक ॲप अमर असतें, असेंहि कोणी समजूं नये. ॲपलनें २०१७ सालीं आपल्या फोनच्या अकराव्या आवृत्तींत ३२ बिटांचीं जुनीं ॲप्स चालविणें बंद केलें, तेव्हां ज्यांची निगा राखणारा कोणी उरला नव्हता, तीं शुद्ध स्थानिक ॲप्सहि उघडेनाशीं झालीं. दोन्ही मार्गांत निगा चुकत नाहीं.

आतां हें सारें एका व्यवहारी उदाहरणाला लावून पाहतां येईल. समजा, तालुक्याच्या गांवच्या एका पतसंस्थेला आपल्या सभासदांसाठीं ॲप करावयाचें आहे. सभासदानें शिल्लक पाहावी, हप्त्याची तारीख पाहावी, पावती उतरवून घ्यावी, इतकेंच काम. बहुतेक सभासदांजवळ स्वस्त अँड्रॉइड फोन, कांहींजवळ ॲपलचे. हाताशीं दोनच कारागीर. अशा संस्थेनें दोन स्वतंत्र ॲप्स लिहावयास घेतलीं, तर एका ॲपमध्यें व्याजाचा नियम दुरुस्त होईल आणि दुसऱ्यांत तो तसाच राहील. एकाच खात्याची दोन फोनांवर दोन उत्तरें येतील. पैशाच्या व्यवहारांत याहून वाईट तें काय? एक ना धड भाराभर चिंध्या, अशी तिची स्थिति होईल. येथें सामायिक मार्गच शहाणपणाचा. किंबहुना काम इतकेंच असेल, तर साधी वेबसाइटहि पुरेल.

उलट, समजा एखाद्या मंडळीला गायकाच्या स्वरावर तत्क्षणीं प्रक्रिया करणारें, किंवा कॅमेऱ्यांतून येणाऱ्या प्रत्येक चित्रावर काम करणारें ॲप करावयाचें आहे. येथें क्षणाच्या शतांशाचा उशीरहि जाणवतो, आणि फोनच्या अंतरंगाशीं थेट बोलावें लागतें. अशा ठिकाणीं मधला थर अडसर ठरण्याचा फार संभव. तेथें स्थानिक मार्गाचा खर्च सोसणेंच योग्य. या दोन टोकांच्या मध्यें असणाऱ्यांनीं स्वतःला कांहीं प्रश्न विचारावेत. या वस्तूचें मोल तिच्या चपळाईंत व स्पर्शांत आहे, कीं तिच्या आंतील माहितींत व नियमांत आहे? वापरणारा ती दिवसांतून शंभरदां उघडणार, कीं महिन्यांतून एकदां? आज हाताशीं असलेल्या माणसांना कोणती भाषा येते, आणि पांच वर्षांनीं दुरुस्ती कोण करणार? मधलें साधन उद्यां बंद पडलें, तर गाभा वांचवून दुसरीकडे नेतां येईल कीं नाहीं?

खर्चाचा हिशेबहि डोळसपणें करावयास हवा. दोन ॲप्स केल्यानें खर्च बरोबर दुप्पट होतो, हा समज चुकीचा आहे. सर्व्हर, आराखडा, नियमांची आखणी, मराठी मजकूर हीं कामें दोन्ही मार्गांत एकदांच करावयाचीं असतात. तसाच सामायिक मार्गानें खर्च निम्म्यावर येतो, हाहि समज चुकीचा. तपासणी दोन्ही जातींच्या फोनांवर करावीच लागते. अँड्रॉइडवर मागें जाण्याची खूण सर्व फोनभर एक असते. ॲपलच्या फोनवर ती बहुधा वरच्या डाव्या कोपऱ्यांत असते. असल्या बारीकसारीक संवयी ज्याच्या त्याला सांभाळाव्या लागतात. या तपासणींत कारागिराच्या स्वतःच्या महागड्या फोनवर विसंबून चालत नाहीं. सभासदांपैकीं सर्वांत जुना फोन ज्याच्याजवळ असेल त्याच्या फोनवर, मराठी मजकूर भरून, आणि एकदां तरी डोळे मिटून पडदा-वाचकाच्या साहाय्यानें ॲप चालवून पाहावें. त्या कसोटीला जें उतरेल तें चांगलें. मग तें स्थानिक असो वा सामायिक असो.

कोबोलपासून फ्लटरपर्यंतचा साठ वर्षांहून अधिक काळाचा अनुभव असा आहे कीं यंत्रांमधील भेद मिटविणारी जादू कोणाच्याहि हातीं लागलेली नाहीं; भेदाचा भार वाहण्याच्या सोयी मात्र उत्तरोत्तर सुधारत गेल्या आहेत. १९८३ सालीं दुभाष्याच्या मंदपणामुळें एक आज्ञावली मागें पडली. आजच्या प्रोसेसरच्या बळावर तसला दुभाषी पुष्कळ कामांत जाणवतहि नाहीं. म्हणून काल ज्याला जो मार्ग लाभला, तोच आज आपल्यालाहि लाभेल, असें गृहीत धरून चालणें धोक्याचें. ज्यानें आपलें काम, आपलीं माणसें आणि आपलें गिऱ्हाईक हीं नीट ओळखलीं, त्याला मार्ग निवडणें फारसें अवघड जात नाहीं. ज्यानें तीं ओळखलीं नाहींत, त्याच्या निवडीची किंमत बहुधा तो स्वतः देत नाहीं. ती त्याचें ॲप हातीं धरून उघडण्याची वाट पाहत बसणाऱ्या मनुष्याला द्यावी लागते.